माझ्या जागेवरची बाई

माझा नवरा सुतार आहे. शमुवेल नाथाजी वायदंडे हे त्यांचं नाव, पण गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात आणि मीही मिस्त्रीच म्हणते. सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला जुनं मिशन कंपाउंड. एक चर्च, पाळकांचं घर, बंद पडलेला दवाखाना आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांच्या खोल्या. मिस्त्रींचा जन्म तिथलाच. त्यांचे वडील दवाखान्यासाठी खाटा आणि कुबड्या करायचे. मिस्त्री त्यांच्या हाताखाली रंधा धरायला शिकले. शाळा सातवीत सुटली, रंधा काही सुटला नाही.

माणूस वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, रविवारची उपासना कधी चुकवत नाहीत. हात उचलणं सोडाच, माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. महिला मंडळातल्या बायका म्हणतात, मार्थाबाई, तुम्ही नशीबवान हो. मी हसते आणि मनात म्हणते, मग न्या की थोडे दिवस तुमच्या घरी. कळेल नशीब काय असतं ते.

माझ्या नवऱ्याला मेलेल्या माणसांची ओढ आहे. नदीतून कुणी वाहत आलं, एसटी स्टँडवर कुणी बेवारस गेलं, की पोलीस ठाण्यातल्या मल्हार हवालदारांचा फोन आमच्याकडे. "मिस्त्री, एक पेटी लागंल बघा." झालं. गिऱ्हाइकाचं टेबल तसंच तीन पायांवर उभं ठेवून हे वखारीत जाणार, उरलेल्या फळ्या मागून आणणार आणि तासत बसणार. नगरपालिका बेवारशी प्रेताला कापड देते, खड्डा देते. पेटी मिस्त्री देतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मागितलेली नाही.

बरं, पेटी करायची तर करा. पण ती आतूनसुद्धा तासतात. बाहेरून एक वेळ खडबडीत राहील, आतून नाही. तासून झाली की आतल्या बाजूनं तळहात फिरवून बघतात.

"आवं, आतनं कोन बघतंय?" मी एकदा विचारलं होतं.

"बघत न्हाई कुनी. पर आत निजणाऱ्याला कुसळ लागाय नको."

"मेलंय की ते!"

"मेलं म्हनून काय झालं? देवाच्या हातचं काम हाय ते. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाची कदर कराय पायजे का नको?"

पाळकसाहेब अर्धा तास प्रवचन करून जे सांगतात ते हे रंध्यावरचा भुसा फुंकता फुंकता सांगून मोकळे होतात. माणूस कामाचा असो, बिनकामाचा असो, शहाणा असो की खुळा, तो घडवणाऱ्याची किंमत त्याला लागलेली असते, असं यांचं म्हणणं. मी नाही म्हणत नाही. पण माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला लग्न झाल्यापासून दार नाही. देवानं मलाही घडवलंच असेल ना? मग माझ्या कपाटाला दार का नाही?

मी जळते. सरळच सांगते. लोकांच्या बायका जित्या बायांवर जळतात, मी मढ्यांवर जळते. आणि त्याला कारण आहे.

आमचा पहिला मुलगा निमिष. चार वर्षांचा होऊन तापानं गेला. त्याची पेटी मिस्त्रींनी स्वतः केली. कुणाला हात लावू दिला नाही. मी दारात उभी होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती इवलीशी पेटी त्यांनी आतून इतकी तासली की फळीची जाडी निम्मी झाली. मग तळहात फिरवला, मग गाल टेकवून बघितला. त्यानंतर त्यांनी निमिषचं नाव घरात घेतलं नाही. मी काढलं तर उठून जायचे. मागून रेश्मा झाली, मोठी झाली, नर्स झाली, सातारला नोकरीला लागली, लग्न झालं. तिलाही बापाच्या तोंडून भावाबद्दल कधी काही ऐकायला मिळालं नाही.

पण आतून तासणं सुरू झालं ते तेव्हापासून. माझ्या लेकासाठी केलेला लाड हा माणूस आल्यागेल्या प्रत्येकाला वाटत सुटला. नदीत बुडालेला दारुडा असो, रस्त्यात गेलेला भिकारी असो, त्याला तीच माया, तोच तळहात. मी एकदा भांडले. म्हटलं, माझ्या पोराचं काहीतरी नुसतं माझ्या पोराचं राहू द्या. तर म्हणाले, "दुसरी माया कुठनं आनू?" आणि गेले खिळे आणायला.

तर अशा या माणसानं माझी जागा कशी देऊन टाकली ते आता सांगते.

आमच्या दफनभूमीत एक पद्धत आहे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या शेजारची जागा घरच्यांसाठी राखता येते. तिच्याभोवती विटांची ओळ लावायची, चर्चच्या मंडळीच्या पंचांना सांगून ठेवायचं, की ती आपली. निमिष वरच्या रांगेत आहे, भिंतीच्या कडेला. एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूची जागा माझी आणि तिच्या पलीकडची मिस्त्रींची. विटा मी स्वतः लावल्या होत्या. दर रविवारी उपासना झाली की मी तिथं जायची आणि माझ्या जागेवर बसायची. एक हात निमिषच्या मातीवर ठेवायची. कुणाला सांगितलं नाही, पण तिथं बसलं की मला मरणाची भीती वाटत नसे. एक दिवस इथंच आडवं व्हायचं, मग कुणी उठवायला येणार नाही, असं वाटे. तेवढं एकच मी आयुष्यात स्वतःसाठी मागून ठेवलं होतं.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात रेश्माचं बाळंतपण होतं म्हणून मी सातारला गेले होते. परत आल्यावर पहिल्याच रविवारी फुलं घेऊन दफनभूमीत गेले. बघते तर माझ्या विटांच्या आत मातीचा उंचवटा. ताजा. आणि डोक्याशी एक लाकडी क्रूस.

घरी कशी आले ते मला आठवत नाही.

"आवं, माझ्या जागेत कोन हाय?"

मिस्त्री चहा पीत होते. कप खाली ठेवला. "एक बाई हाय."

"कोन बाई?"

"म्हाईत न्हाई."

म्हणजे बघा. नाव नाही, गाव नाही, आणि माझ्या पोराशेजारी!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुराच्या पाण्यात एक म्हातारी वाहत आली. भोयांनी तिला बाहेर काढलं. पोलिसांनी पंचनामा केला, वाट बघितली, कुणी आलं नाही. पालिकेची बेवारशांची जागा पाण्याखाली गेलेली. शवागारात वीज नाही. मल्हार हवालदारांनी फोन केला. पेटी घेऊन मिस्त्री गेले, तर बाईच्या मनगटाजवळ हिरवा क्रूस गोंदलेला दिसला.

"मला वाटलं आपल्यातली हाय," मिस्त्री म्हणाले. "पाळकसायबांनी, पंचांनी माती द्यायला हो म्हटलं. पर खालच्या रांगांत खड्डा मारला की पानी लागतंय. वरची रांग सगळी राखलेली. मग मी म्हटलं, आमची जागा हाय."

"आमची कशी? पलीकडची तुमची व्हती. ती का न्हाई दिली? माझीच बरी दिसली?"

ते खाली बघत म्हणाले, "पोराच्या शेजारी बाईमानूस आसलं तर बरं, आसं वाटलं. तुला आजून लय येळ हाय, मार्था. तवर पोरगं एकटंच."

दुसरी कुणी असती तर रडली असती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं माझ्यापाशी पोराबद्दल चकार शब्द न काढणारा हा माणूस. पोरगं प्रभूजवळ आहे, मातीत काही नाही, हे यांचं माझं दोघांचं मानणं. आणि तरी यांना वाटत होतं की ते तिथं एकटं आहे! मला सांगितलं असतं तर मी रोज जाऊन बसले असते. मला नाही सांगितलं. सांगितलं कुणाला, तर एका अनोळखी बाईला. तिच्या ओटीत माझं लेकरू घालून मोकळे झाले.

त्या दिवशी मी ताट असं आदळलं की आमटी भिंतीवर गेली. मिस्त्रींनी फडक्यानं भिंत पुसली आणि जेवायला बसले. त्याचाही मला राग आला.

कंपाउंडात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारची रंगूबाई दारात येऊन म्हणाली, "मार्थाबाई, तुमची सवत बरी हाय नव्हं? पोराला तरास देत न्हाई ना?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण तो शब्द माझ्या मनात जाऊन बसला. सवतच होती ती. सवत निदान नुसता नवरा घेते. हिनं नवरा घेतला, मूल घेतलं आणि माझं मरणसुद्धा घेतलं.

रविवारी आता बसायला जागा नव्हती. मी निमिषच्या पायाशी उभी राहायची, पाहुण्यासारखी. आणि ती त्याच्या कुशीला लागून निजलेली.

ईस्टरच्या दिवशी आम्ही सूर्य उगवायच्या आत दफनभूमीत जमतो. कबरी झाडायच्या, चुना द्यायचा, फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि उजेड फुटला की गाणी म्हणायची. मिस्त्रींनी निमिषला मेणबत्ती लावली आणि तिलाही लावली. वर पहिला क्रूस काढून नवा बसवला. सागवानी, पॉलिश केलेला. त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'आमची बहीण' असं कोरलं होतं. बहीण! मला विचारून नातं ठरवलं का? आणि ते सागवान मी ओळखलं. माझ्या कपाटाच्या दारासाठी बाजूला ठेवलेली फळी होती ती.

त्याच दिवशी मी पाळकसाहेबांना गाठलं. पाळक जयराज तरुण आहेत, शांतपणे बोलतात. त्यांना म्हटलं, त्या बाईला तिथून काढा आणि दुसरीकडे ठेवा.

"मार्थाबाई, एकदा माती दिल्यावर आपल्याला हात लावता येत नाही. तिच्या नातलगांनी अर्ज केला, तहसीलदारांनी परवानगी दिली, तरच."

"मग नातलग शोधा."

"पोलिसांना सापडले नाहीत."

"पोलिसांची जागा गेलेली नाही. माझी गेलेली आहे," मी म्हटलं.

आणि मी शोधायला लागले. लोक नंतर म्हणाले, मार्थाबाईंनी केवढं पुण्याचं काम केलं. पुण्याबिण्याचं काही नव्हतं. मला ती बाई तिथून हलायला हवी होती.

मल्हार हवालदारांच्या मागं लागून मी तिचे फोटो मागून घेतले. चेहरा मला बघवला नाही. हाताचा फोटो बघितला. मनगटाजवळ हिरवी फुली आणि भोवती चार ठिपके. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. मी तो फोटो रेश्माला पाठवला आणि म्हटलं, तुझ्या वॉर्डात साऱ्या जिल्ह्याची माणसं येतात, दाखव सगळ्यांना. रेश्मा म्हणाली, "मम्मी, तुला झालंय काय?" पण पोरीनं दाखवला.

वॉर्डात पाटणकडची एक म्हातारी मावशी झाडलोट करते. तिनं फोटो बघितला, आणि आपली बाही वर सारून स्वतःचा हात पुढं केला. तीच फुली, तेच ठिपके. "ह्यो कसला क्रूस? आमच्याकडं लगीन ठरायच्या आधी समद्या पोरींला गोंदत्यात," ती म्हणाली.

रेश्मानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. कंपाउंडात आमच्या बायकांना गोंदायला बंदीच होती. आजेसासूच्या काळापासून. एखादीनं हौसेनं गोंदलंच तर क्रूस. त्यामुळं कंपाउंडात वाढलेल्या माझ्या नवऱ्याला बाईच्या हातावर फुली दिसली की क्रूसच दिसणार. अख्खी मंडळी फसली, पाळक फसले, पंच फसले. ती बाई आमच्यातली नव्हतीच!

मी मिस्त्रींना सांगितलं. वाटलं, आता तरी माणूस खजील होईल. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी तिच्या घरच्यांनी आग्नी दिला आसता. चूकच झाली," म्हणाले. मग म्हणाले, "त्यास्नी सापडायला पायजे ती." जागेबद्दल एक शब्द नाही. माझा जीव जळत होता आणि यांना काळजी त्या बाईच्या घरच्यांची.

रेश्मानं पाटणच्या बाजूच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि काही दिवसांनी एका माणसाचा फोन आला. कोयनेच्या खोऱ्यातला, लालासाहेब नावाचा, फौजेतून नुकताच निवृत्त झालेला. करंगळीवरून त्यानं ओळखलं. कडबा तोडताना आईचं पेर गेलं होतं. आईचं नाव दगडाबाई. म्हातारपणी तिला भ्रम झाला होता, घर आठवायचं नाही, घरातून निघून जायची. पावसात अशीच एकदा गेली ती परत आलीच नाही. लालासाहेब तेव्हा सीमेवर होता. रजा मिळून घरी येईतो नदीचं पाणी ओसरलं होतं. शेवटी भावकीनं सांगितलं म्हणून गवताची बाहुली करून तिला अग्नी दिला.

तो आला. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. मी त्याला दफनभूमीत घेऊन गेले, चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. इथं, म्हटलं, ही तुमची आई. तो माणूस त्या मातीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आये, किती शोधली गं तुला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी बाजूला उभी होते. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. मला झाला हेवा. हिला लेक आहे. मिशा पांढऱ्या झालेला, एवढा मोठा लेक, एवढ्या लांबून आला आणि आये म्हणून रडला. माझा चार वर्षांचा तिच्याच शेजारी निजला आहे. माझ्या मातीवर कोण येऊन असा बसणार? त्या बाईला सगळंच मिळालं होतं.

मिस्त्रींनी हात जोडले. "माफी करा. मला क्रूस दिसला वो. तुमच्या रिवाजापरमानं झालं न्हाई."

लालासाहेबानं डोळे पुसले. "आवं, कुनाची कोन, तुमी पेटीत निजवली तिला. मी तर गवत जाळलं."

"पेटी आतून तासलेली होती," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

ठरलं असं की लालासाहेब अर्ज करील, परवानगी काढील, आईला गावाकडे नेईल आणि अग्नी देईल. आमचा सरकारी कारभार जसा चालतो तसा तो अर्ज चालला. पण चालला. मी कपाटातली नवी साडी काढून ठेवली होती, त्या दिवशी नेसायला. मिस्त्री मात्र नवी पेटी करायला बसले. जुनी फुगलेली असणार, म्हणाले. मी चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, करा शेवटचा लाड तुमच्या बहिणीचा, उद्या जाते ती.

उन्हं कडक होती त्या दिवशी. तहसीलचा माणूस आला, डॉक्टर आले, मल्हार हवालदार आले. पालिकेचे दोन गडी कुदळ-फावडं घेऊन. पाळक जयराज यांनी प्रार्थना केली. लालासाहेब आणि त्याची बायको हात जोडून उभे होते. मिस्त्री नव्या पेटीशी. मी निमिषच्या पायाशी.

गड्यांनी विटा काढल्या, वरची माती काढली, खाली जायला लागले. गुडघाभर झालं असेल. अचानक निमिषच्या बाजूची माती सरकली. एक मोठं ढेकूळ सुटलं आणि खड्ड्यात पडलं. मागोमाग त्याच्या कबरीची चुन्यानं रंगवलेली वीट कलली.

"थांबा जरा," मिस्त्री म्हणाले. ते खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसले आणि हातानं चाचपून बघितलं. "म्हातारीचा खड्डा मारताना मी पोराच्या अंगाला फळ्या लावून माती धरली व्हती. त्या वाळवीनं खाल्ल्या. आता काय धरत न्हाई."

"म्हणजे?" तहसीलच्या माणसानं विचारलं.

"म्हंजी म्हातारीला काढली तर बारकं बी संगं येनार." मिस्त्री माती झटकून उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग, मार्था. तू म्हनशील तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गडी फावड्यावर हात टेकून उभे राहिले. तहसीलच्या माणसानं घड्याळ बघितलं.

मी कलत्या विटेकडे बघितलं. एक फावडं अजून, आणि माझी जागा मला परत. एक फावडं अजून, आणि माझं लेकरू उघडं. त्याला मी तिथं निजवल्यापासून कधी हलू दिलं नव्हतं. भुंगा बसला तरी हाकलायची मी.

"बाहेर या," मी गड्यांना म्हणाले. "माती लोटा परत."

"आवं, पर तुमची जागा," लालासाहेब म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. मीच त्याला फोनवर भांडून भांडून सांगितलं होतं.

"पोरगं उठंल," मी म्हणाले.

लालासाहेबाची बायको काहीतरी म्हणायला गेली, त्यानं तिला हातानं थांबवलं. तहसीलच्या माणसाला म्हणाला, "सायेब, माझा अर्ज मी मागं घेतो. आमची म्हातारी बारक्या पोराला उठवून कुटं जायची न्हाई. भ्रम झाला तरी पाळण्याजवळनं दबकत जायची."

गड्यांनी माती लोटली. मिस्त्रींनी नव्या पेटीच्या फळ्या तिथल्या तिथं उकलल्या आणि निमिषच्या बाजूला आत उभ्या बसवल्या, मग माती दाबली. वीट सरळ केली. मी बघत राहिले. माझी जागा माझ्या डोळ्यांसमोर बुजली, दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्याच तोंडून.

सगळे निघायला लागले. लालासाहेब आईच्या पायाशी वाकला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमची आई ऱ्हाऊ दे हितं," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पर पोरगं माझं हाय. हे तिला सांगा. तिला भ्रम हाय, तुमी सांगितलंय. ती आपलंच समजंल त्याला. तुमी लेक हाय तिचा, तुमचंच ऐकंल."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मेलेल्यांशी बोलू नये हे मलाही कळतं. तो फौजी माणूस मात्र हसला नाही. पुन्हा खाली बसला आणि मातीवर तळहात ठेवला.

"आये," तो म्हणाला, "शेजारचं लेकरू मार्थाबाईंचं हाय. नीट बघ त्याच्याकडं. पर आपलं म्हनू नगंस."

"मोठ्यानं सांगा," मी म्हणाले.

त्यानं मोठ्यानं सांगितलं.